पंगतीतला रिकामा पाट

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे अडचण घेऊन गेला, आणि गुरूने उत्तर देण्याऐवजी त्याच्या हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा ठेवला. गोष्ट खरं म्हणजे एवढीच आहे. पण ती पुरती कळायला त्या दिवशीच्या पंगतीला जाऊन बसावं लागेल.

शिष्याचं नाव देवव्रत. गुरूंना सगळं गाव तात्या म्हणे. तात्यांनी आपला उभा जन्म संगणकासाठी सी भाषेत आज्ञावली लिहिण्यात घालवला होता. सी ही भाषा जुनी, काटकसरी आणि थोडी निष्ठुर. ती मागितल्याशिवाय जागा देत नाही, दिलेली जागा कुठे संपली ते सांगत नाही, आणि काम झाल्यावर जागा परत करायची आठवणही करून देत नाही. तात्या म्हणत, "बाकीच्या भाषा म्हणजे खानावळ, ताट आपोआप समोर येतं. सी म्हणजे घरचं कार्य. पाट मांडण्यापासून उष्टी काढण्यापर्यंत सगळं आपणच बघायचं."

देवव्रत हे वाक्य ऐकून मान डोलवी. तरुण माणसं गुरूच्या वाक्याला मान डोलवतात, कारण त्याला खर्च येत नाही.

त्या वर्षी गावच्या क्रीडामंडळाने महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यासाठी मैदानावर दिव्यांचा मोठा फलक उभारला होता. आजवर त्यावर खेळाडूंची नावं इंग्रजीत झळकत. यंदा मंडळाने मराठीत झळकवायचं ठरवलं, कारण खेळाडूंच्या आया आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येत आणि त्यांतल्या पुष्कळजणींना आपलं मराठी तेवढंच वाचता येई. काम देवव्रतकडे आलं. स्वतःच्या नावावर मिळालेलं त्याचं हे पहिलं काम, त्यामुळे आठवडाभर त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

सामन्याच्या दिवशी सकाळी फलक चाचणीसाठी लावला, आणि पाय जमिनीवर आले. इंग्रजी नाव ठणठणीत उमटलं. मराठीत मात्र पाहुण्या संघाच्या कर्णधाराचं, स्वप्नगंधाचं नाव सुरू झालं ते 'स्वप्न' इथेच मोडलं. पुढे दोन फुटके चौकोन आले. त्यांना खेटून, मध्ये श्वासही न घेता, पुढच्या खेळाडूचं 'भाग्यश' सुरू झालं, तेही मोडलं, मग तिसरीचं नाव. सातही जणी एकमेकींच्या पदराला धरून फलकावरून चालत गेल्या आणि शेवटी फलकच काळा झाला.

मंडळाचे चिटणीस सज्जन माणूस. ते रागावले नाहीत. "संध्याकाळपर्यंत जमलं तर बघ," ते म्हणाले, "नाहीतर आपलं इंग्रजीच बरं. मराठीचं पुढच्या वर्षी पाहू." देवव्रतला रागावलेले परवडले असते.

त्यात आणखी एक गोष्ट त्याच्या मनाला टोचत होती. नावं घेताना स्वप्नगंधा त्याच्यापाशी येऊन हळूच म्हणाली होती, "दादा, माझ्या नावापुढं आईचं नाव घालाल का? गिरिजा. मला खेळू दिलं ते तिनंच. साऱ्या भावकीशी भांडून." देवव्रतने मान वर न करता सांगितलं होतं, "नाही बसणार. जागाच तेवढी आहे. आई कापावी लागेल." तेव्हा ती नुसतं 'बरं' म्हणून गेली होती. आता फलकावर तिचं स्वतःचंही नाव अर्धं कापलेलं पाहून ते 'बरं' त्याला पुन्हा ऐकू आलं.

तो लॅपटॉप काखेत मारून तात्यांना शोधायला निघाला. तात्या मैदानाच्या कडेच्या मांडवात दुपारच्या जेवणाची देखरेख करत होते. त्यांनी पडद्यावर एक नजर टाकली आणि पोट धरून हसले.

"वा," ते म्हणाले, "झकास चुकला आहेस. इतकं नेमकं चुकायलाही अक्कल लागते."

"कुठे चुकलोय तेवढं सांगा, तात्या."

"सांगतो. आधी पंगत मांड."

"तात्या, संध्याकाळी सामना आहे."

"आणि दुपारी भूक आहे. हे घे." असं म्हणून त्यांनी पत्रावळ्या त्याच्या हातात दिल्या. "पाहुण्या संघाची सात घरं जेवायला येतील. त्यांचे पाट इथून मांड. त्याच ओळीत पुढे आपली उपवासवाली मंडळी बसतील, आज सोमवार आहे. दोन्हींच्या मध्ये एक पाट रिकामा सोड. त्याच्यापुढे पान मांडायचं नाही. आपल्या मंडळाची रीत आहे."

देवव्रतने मनातल्या मनात गुरूला जे म्हणायचं ते म्हणून घेतलं आणि भराभर सात पाट मांडले. एक रिकामा सोडला. पुढे उपवासाची ओळ लावली. तात्यांनी त्या सात पाटांकडे पाहिलं, मिशीला पीळ दिला आणि मठ्ठ्याची चव बघायला निघून गेले.

पाहुणे आले. घरं सातच होती, त्यात खोट नव्हती. पण आमंत्रण होतं सहकुटुंब. एकेका खेळाडूबरोबर आई होती, कुणाबरोबर आजी, कुणाबरोबर मावशी. घरटी तीन माणसं. देवव्रतने दारं मोजली होती, तोंडं मोजायची राहून गेली होती.

दोन घरांतच सहा पाट भरले. सातव्यावर स्वप्नगंधा बसली. तिच्या मागे तिची आई आणि मावशी उभ्या राहिल्या. देवव्रत गोंधळला. मग त्याची नजर रिकाम्या पाटावर गेली. उगाच वाया कशाला घालवायचा, असा व्यवहारी विचार करून त्याने त्यावर मावशीला बसवलं, पुढे पान टाकलं, आणि गिरिजाबाईंना म्हणाला, "तुम्ही पुढच्या पंगतीला बसा."

तेवढ्यात भाताची बादली घेऊन वाढपी आला. चांगला वाढपी माणसांकडे पाहत नाही, पानांकडे पाहतो. रिकामा पाट लागला की मागे फिरायचं, एवढं त्याला ठाऊक. आज रिकामा पाटच लागेना. तो खाली मान घालून वाढत वाढत थेट उपवासाच्या ओळीत शिरला आणि निवृत्त फौजदारांच्या भगरीवर त्याने आमटीभाताचा ढीग ओतला.

"अहो, माझा सोमवार," फौजदार म्हणाले.

"घ्या हो, लाजू नका," वाढपी म्हणाला आणि पुढे गेला.

इकडे उरलेली चार घरं उभी राहून कंटाळली होती. त्यांना पुढे उपवासवाल्यांकडे मोकळे पाट दिसले, ती तिथे जाऊन बसली आणि समोरची साबुदाण्याची खिचडी मजेत खाऊ लागली. कुणाच्या पानात कुणाचं जेवण आहे ते कुणालाच कळेना. जागा मोकळी करावी म्हणून देवव्रतने एक पान चटकन उचललं, तर पाण्याचा तांब्या घ्यायला वळलेले आजोबा म्हणाले, "अरे माझी जिलबी नेलीस." सगळा मांडव हसायला लागला. हसता हसता एका आजीला ठसका लागला.

स्वप्नगंधा मात्र पाटावरून उठली. राग नव्हता, आवाजही चढवला नव्हता. "आई बसल्याशिवाय मी जेवत न्हाई," ती म्हणाली आणि आपलं पान तसंच ठेवून आईशेजारी जाऊन उभी राहिली.

"अगं बस की, मी काय पळून चाललेय?" गिरिजाबाई म्हणाल्या. पण त्यांनी लेकीचा हात धरला तो सोडला नाही.

देवव्रत हातात दुसऱ्याची जिलबी घेऊन ते पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर मांडव होता आणि मांडवाच्या जागी फलक दिसत होता. सात पाट, त्यांत न मावलेली माणसं, अर्ध्यावर तुटलेलं घर, भरून टाकलेला रिकामा पाट आणि कुठे थांबायचं ते न कळलेला वाढपी.

तात्या मागे येऊन उभे होते. "आता सांगतो," ते म्हणाले. "इंग्रजी अक्षर हा एकटा जीव. एका पाटावर मावतो. आपलं अक्षर संसारी आहे. 'स्व' डोळ्याला एक दिसतं, पण आत 'स' आहे, पाय मोडणारी खूण आहे, 'व' आहे, आणि यांतल्या प्रत्येकाला स्मृतीत तीन तीन खण लागतात. स्वप्नगंधाची चार अक्षरं दिसतात, आणि आत तीस खणांचं बिऱ्हाड असतं. तू त्यांना वीस खण दिलेस. पाहुणे कमी नव्हते, बाळा, तुझी मोजणी कमी होती."

"आणि विसावा खणही मी भरून टाकला," देवव्रत हळूच म्हणाला.

"भरलास. तिथे शून्य बसायला हवं होतं. ते शून्य म्हणजेच हा रिकामा पाट. तो कुणाच्या उपयोगाचा दिसत नाही, म्हणून पहिला बळी त्याचा जातो. पण पंगत कुठे संपली ते सांगणारा तोच. तो नसला की यंत्र वाढप्यासारखं शेजाऱ्याच्या पानात शिरतं. यंत्र दुष्ट नसतं रे, ते आज्ञाधारक असतं, हीच पंचाईत आहे. आणि कधी जागा खरंच अपुरी पडली, तर पंगत दोन घरांच्या मध्ये तोड. माय एका पंगतीला आणि लेक दुसऱ्या पंगतीला, असं करू नकोस."

"आणि जिलबी?"

"ती आधी परत कर. जागा ज्याने मागितली त्याने ती परत करायची, जेवणारा उठल्यावर, आणि एकदाच. जेवणाऱ्याच्या समोरून पान ओढलं की काय होतं ते तू ऐकलंसच."

देवव्रतने आजोबांची माफी मागून जिलबी परत केली, वर आणखी दोन वाढल्या. मग तो मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला आणि या वेळी त्याने माणसं मोजली. तेवढे पाट मांडले, वर एक जास्तीचा मांडला आणि तो रिकामा सोडला. वाढपी त्या पाटापाशी आला, थांबला आणि समाधानाने मागे फिरला. फौजदारांना ताजी भगर मिळाली. स्वप्नगंधा आणि गिरिजाबाई शेजारी शेजारी बसल्या. देवव्रत स्वतः उभ्या उभ्या चार घास खाऊन आपल्या लॅपटॉपकडे पळाला. त्याला इतकं हलकं वाटत होतं, जणू चूक सापडली नसून बक्षीस लागलं होतं.

नावासाठी ठरावीक खण राखायची ओळ त्याने पुसून टाकली. आधी नाव आतून किती लांब आहे ते मोजायचं, तेवढी जागा मागायची, शून्यासाठी एक खण जास्त मागायचा, आणि नाव फलकावर उमटून खाली उतरलं की जागा परत करायची, असं त्याने नव्याने लिहिलं. हे करता करता त्याच्या ध्यानात आलं की आता जागेची अडचण उरलेलीच नाही. तेव्हा त्याने स्वप्नगंधाच्या नावापुढे आणखी एक नाव घातलं.

ऊन कलल्यावर मैदान भरलं. चिटणीस फलकाखाली येरझारा घालत होते. तात्या बाकावर बसले होते, त्यांनी देवव्रतला जवळ बोलावलं.

"रिकामा पाट ठेवलास?"

"ठेवलाय, तात्या."

फलक लागला. पहिलंच नाव कर्णधाराचं होतं. एकही फुटका चौकोन नव्हता, शेजारणीच्या नावाचं शेपूट नव्हतं. आयांच्या घोळक्यात गिरिजाबाई उभ्या राहिल्या आणि एकेका अक्षरावर बोट धरल्यासारखं मोठ्याने वाचू लागल्या.

"स्व-प्न-गं-धा." त्यांनी शेजारणीकडे अभिमानाने पाहिलं आणि पुढे वाचलं. "गि-रि-जा." त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. मग शेजारणीला विचारलं, "आणि ही गिरिजा कोण गं? तिच्या संघात तर कोणी गिरिजा न्हाई."

"अगं बये, तूच की," शेजारीण म्हणाली.

गिरिजाबाई मटकन खाली बसल्या. मैदानात स्वप्नगंधाने फलकाकडे पाहिलं, मग घोळक्यात आईला शोधलं, आणि लगेच मांडी थोपटून चढाईला निघाली. सामना कोण जिंकलं ते त्या गावात विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. पण फलकावरून ते नाव उतरेपर्यंत गिरिजाबाई तिकडेच पाहत होत्या, याविषयी दुमत नाही.

एखाद्याला जागा देताना तो किती दिसतो हे पाहू नये. त्याच्याबरोबर कोण कोण आलं आहे, ते आधी विचारावं.