पाठमोरी दशमी

श्रावण वद्य दशमीला सुरंगपाटात कोणाच्याही घरी जा, देव तुमच्याकडे पाठ करून बसलेले दिसतील. गणपती असो, विठोबा असो, भगवती असो, त्या दिवशी सगळ्यांची तोंडे भिंतीकडे. हे सारे देव फणसाच्या लाकडाचे, हाताने कोरलेले, हातभर उंचीचे. पुढून पाहिले तर रंग, डोळे, दागिने सगळे यथासांग. मागून पाहिले तर पाठीत ओंजळभर पोकळी, आत पटाशीचे घाव तसेच राहिलेले. दशमीला त्या पोकळीत सुरंगीचे एक सुकलेले फूल ठेवतात, दिवा लावतात आणि सारे घर गप्प बसते. आरती नाही, गाऱ्हाणे नाही. त्या दिवशी देवाकडे काही मागायचे नाही, असा दंडकच आहे.

गावात आलेले पाहुणे आधी चकित होतात, मग हात जोडतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात. देव कोणा भक्तासाठी फिरला होता काय? ठिकठिकाणी तशा कथा ऐकून त्यांचे कान तयार झालेले असतात. गावातले जुने लोक मान हलवतात. नाही, फिरला नाही. सगळे रामायण त्यातूनच झाले, असे म्हणून ते पाहुण्यांना पडवीत बसवतात आणि धाकू मेस्त्रीची हकीगत सांगतात ती अशी.

खोतीच्या काळात सुरंगपाटात धाकू नावाचा मेस्त्री होता. नांगर, दारे, पाळणे हे तर तो करीच, पण त्याचा खरा हात बसला होता तो देवांवर. पंचक्रोशीत कोणी नवे घर बांधले की देव धाकूकडचा. माणूस घाईचा नव्हता. फणसाचे लाकूड तो तीन-तीन वर्षे गवताखाली सुकवी. मूर्ती झाली की पाठीकडून पटाशीने आतला गाभा कोरून काढी, कारण गाभा आत राहिला तर लाकूड कधी ना कधी तडकते. मग त्या पोकळीवर तो त्याच लाकडाची फळी बसवी. बांबूच्या खुंट्या आणि लाख, खिळा एकही नाही. फळी अशी बसे की नख फिरवले तरी सांधा सापडू नये. लोक म्हणत, धाकूने लावलेली फळी धाकूलाच दाखवता यायची नाही. हे कौतुक ऐकले की तो खाली मान घालून हसे. पुढे याच कौतुकाने त्याचा घात केला.

बायको लवकर गेलेली. घरात एकच लेक, बायजा. ती बारा वर्षांची असताना गावात देवीची साथ आली. बायजाचे अंग फोडांनी भरून गेले. सातव्या दिवशी तिने डोळे फिरवले, तेव्हा धाकू गवताखालच्या सगळ्यात चांगल्या ओंडक्यावर हात ठेवून नवस बोलला म्हणे. पोर वाचली तर ह्या लाकडाची भगवती करीन, माझ्या घरात बसवीन आणि तिच्या पायावर पहिले फूल बायजाच्या हातचे पडेल. उभ्या गावाला देव देणाऱ्या धाकूच्या स्वतःच्या घरात तोवर एक सुपारी होती, तीच त्याचा देव.

बायजा वाचली. चेहऱ्याची मात्र वणांनी पार चाळण झाली. चेहऱ्याचे तिने फारसे मनावर घेतले नाही. लग्नाचे कोणी विचारीनासे झाले, तेही मनावर घेतले नाही. तिचे लक्ष एकाच गोष्टीकडे होते. बाबा कामाला बसला की ती समोर बसून विचारी, ‘बाबा, आज काय झाला? हात झाले?’ दीड वर्ष ती भगवती धाकूच्या हातून हळूहळू आकाराला येत होती. पुढे कितीही देव त्याने केले, तरी तशी मूर्ती त्याच्या हातून पुन्हा झाली नाही, असे सांगतात. रंग झाला, डोळे झाले. पाठीतला गाभा काढून झाला. तेवढी फळी बसवायची राहिली होती.

नेमके तेव्हा नारोबा खोत नांगराचे सांगायला त्याच्या अंगणात आले. खोतांच्या घरी लग्न होते, नवी सून यायची होती. खोत त्या मूर्तीपुढे उभे राहिले ते उभेच राहिले.

‘धाकू, ही कोणाची रे?’

‘घरची, खोतांनू. नवसाची.’

‘देव काय, सगळ्यांचाच. माझी सून हिच्यासमोर माप ओलांडेल. तू दुसरी कर.’

धाकूचे घर खोतांच्या जमिनीवर. त्याच्या बापाने कधी खोतांना नाही म्हटले नव्हते, आजाने म्हटले नव्हते, त्यामुळे तो शब्द कसा उच्चारतात हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याने एवढेच विचारले, की पहिले फूल बायजाचे घालू द्याल का? खोत म्हणाले, ‘फूल तिचंच. शब्द देतो.’ माणूस तसा दुष्ट नव्हता. त्याने शब्द दिला तेव्हा तो मनापासूनच दिला असणार. मोठ्या घरच्या शब्दांचे असेच असते, ते देताना खरे असतात.

मूर्ती गेली. फळी बसवायलाही वेळ मिळाला नाही, नंतर बघू असे ठरले. नवा देव्हारा करायलाही सवड नव्हती, म्हणून भगवतीला चौरंगावर, देवघराच्या मागच्या झरोक्याला टेकून बसवले. माघात प्रतिष्ठा झाली. बायजा पहाटेच न्हाऊन, सुरंगीचे फूल केळीच्या पानात गुंडाळून बापाबरोबर खोतांच्या अंगणात आली. सुरंगी नुकती कुठे फुलू लागली होती, ते एक फूल मिळवायला ती चार झाडे चढली होती. आत मंत्र चालले होते. धाकूने पायरीवर पाय ठेवला, तोच खोतांच्या आई दारात आल्या.

‘प्रतिष्ठा झाली, आता सोवळ्यातल्यांनीच आत यायचं. आणि घरात नवी नवरी आहे. आजच्या दिवशी असला चेहरा समोर नको.’

खोत आतच होते. त्यांनी ऐकले की नाही, कोणाला ठाऊक नाही. थोड्या वेळाने बाहेर दोन पत्रावळी आल्या, वर खोतांचा निरोप की पोटभर जेवून जा. धाकू जेवला. बायजाने पानाला हात लावला नाही. लाज वाटते सांगायला, पण तो जेवला, हेही गाव विसरलेले नाही.

बाप जेवत होता तेवढ्यात बायजा घराच्या मागे गेली. झरोक्यातून तिने आत पाहिले. देवीचे तोंड दिसेना, पाय दिसेनात. दिसत होती फक्त पाठ आणि पाठीतली ती उघडी पोकळी. तिने गजांतून हात आत घातला आणि फूल पोकळीत ठेवले. परतताना वाटेवर ती बापाला म्हणाली, ‘बाबा, पाय दिसणत नाय, पण पाठ दिसता. आणि पाठ तुझ्याच हातची आसा. तिका कोणी रंग लावूक नाय.’ धाकूला रडू आले. पण त्याला बरेही वाटले. नवस पुरता नाही तरी थोडा फिटला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

तेव्हापासून बायजा रोज जाऊ लागली. फाल्गुन गेला, चैत्र गेला, सुरंगी भरभरून फुलली आणि रोज एक फूल त्या पोकळीत पडत राहिले. सुरंगीची गंमत अशी, की फूल सुकले तरी त्याचा वास जात नाही. वैशाखात खोतांच्या देवघरात घमघमाट सुटला. फुले कुठे दिसत नाहीत आणि देवीच्या अंगाला सुवास येतो! झाले, चारी गावांत बोभाटा झाला. लोक नारळ घेऊन रांगेने येऊ लागले. खोतांच्या आई डोळ्याला पदर लावून सांगू लागल्या, की आमच्या सुनेच्या पायगुणाने देवी जागी झाली. धाकूच्या कानावर हे रोज येई. तो बोलला नाही. आपल्या पोरीच्या फुलाला गाव नमस्कार करते, याची त्याला मनातून मजाच वाटत होती.

वर्ष भरले. दुसऱ्या माघात वर्धापनासाठी देवघर सारवायचे म्हणून मूर्ती हलवली आणि पाठीतून सुकलेल्या फुलांचा ढीग खाली आला. समोर पाहुणे बसलेले. कोणीतरी फिसकन हसले. ते हसू खोतांच्या घराला जे झोंबले, ते फुलांपेक्षा कितीतरी जास्त झोंबले. फुलांचा राग कोणाला नव्हता, वर्षभर आपण स्वतःच्या हाताने स्वतःचे हसे करून घेतले याचा होता. पण तसे कोण कबूल करतो? मग फुले ही करणी ठरली. झरोक्याशी रोज कोण येई, ते गड्यांनी सांगितले. देवाच्या पाठीत गुपचूप वस्तू घालणारी पोर साधी नव्हे, असे बोलणे सुरू झाले.

धाकूला बोलावणे आले. अंगणात चारचौघे बसले होते. ते सगळे धाकूच्या हातचे देव पूजणारे. एकजण बोलला असता तरी निभावले असते. कोणी बोलले नाही. धाकूने सगळ्यांकडे पाहिले आणि खाली मान घालून म्हणाला, ‘पोरगी अजाण आसा. मी फळी बसवून देतंय.’

एवढेच हवे होते. देवीची उत्तरपूजा करून धाकूला आत घेतले. वर्षापूर्वी ज्या उंबऱ्यावर त्याला अडवले, तोच त्याने काम होते म्हणून ओलांडला. ठेवणीतली त्याच ओंडक्याची फळी त्याने आणली होती. काम करताना समोरचा झरोका काळवंडला. बायजा गज धरून उभी होती. ती नुसती बघत राहिली. धाकूला वाटले असते तर फळी ढिली बसवता आली असती, एक खुंटी कमी मारता आली असती. पण हाताला सवय नव्हती. त्याने खुंट्या मोजून मारल्या, लाख ओतली, घासून सारखी केली. नख फिरवले तरी सांधा सापडेना. खोतांनी पाठीवरून हात फिरवून म्हटले, ‘वा, धाकू!’

त्या फाल्गुनात बायजा सुरंगीवर चढली नाही. बापाशी बोलणे तिने सोडले नाही, भाकरी वाढायची, हाक मारली की ओ द्यायची, पण आज काय झाले म्हणून कधी विचारले नाही. श्रावणात तिला ताप भरला. आठ दिवस उतरला नाही. दशमीला सकाळी तिने उशाखालून गेल्या वर्षीचे एक सुकलेले फूल काढून बापाच्या हातात दिले.

‘पायांर नको घालू. माझ्या जाग्यार घाल.’

धाकू पावसातून धावत खोतांकडे गेला, पायरीवर डोके ठेवले. नारोबांच्या सुनेला आता दिवस गेले होते, त्यांचे मन हळवे झाले होते. ते म्हणाले, ‘जा, उघड.’ आई काही बोलणार होत्या, त्यांना त्यांनी हाताने थांबवले. धाकू देवीच्या पाठीशी बसला. त्याने बोटांनी सांधा शोधला. सापडेना. ओल्या हवेने लाकूड फुगून खुंट्या आवळून बसल्या होत्या. पटाशीचे टोक शिरेल एवढी फट कुठेच नव्हती. फळी निघायची तर एकच मार्ग होता, पाठीवर घाव घालायचा. पण तसा घाव बसता तर मूर्ती खांद्यापासून उभी चिरली असती, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळत होते?

त्याने पटाशी लावली, मोगरी उचलली. खोत म्हणाले, ‘फुटली तर फुटली, मार.’ हो, असे म्हणाले म्हणे. जन्मात पहिल्यांदा त्यांनी शब्द पाळला. पण धाकूचा हात वरच राहिला. दीड वर्षाचे काम होते. त्याच्या हातून झालेली सगळ्यात सुंदर वस्तू होती. त्याने मोगरी खाली ठेवली.

घरी आला तेव्हा बायजाचे डोळे दाराकडेच होते. ‘घातलंस?’

‘घातलंय,’ धाकू म्हणाला.

फूल त्याच्या कनवटीला होते आणि सुरंगीचा वास लपत नाही. बायजाने मान फिरवली, मग कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केले. धाकू तिच्या पाठीशी बसून हाका मारत राहिला. ती वळली नाही. सांज व्हायच्या आत ती गेली.

त्यानंतर खोतांवर वीज पडली असेल, असे पाहुण्यांना वाटते. काही पडली नाही. सुनेला मुलगा झाला, शेते पिकली, वंश वाढला. देवीच्या अंगाला पुन्हा वास आला नाही, पण त्यावाचून कोणाचे अडले नाही.

धाकूने वर्षभर हत्यार धरले नाही. मग लोक देव मागायला आले. दुसरा मेस्त्री पंचक्रोशीत नव्हता. तो देऊ लागला, पण अट घालून. ‘पाठ बुजवूची नाय. आणि श्रावणात वद्य दशमीक देवाचा तोंड भिंतीकडे करूचा. त्या दिसा कायएक मागूचा नाय.’ का, म्हणून कोणी विचारले नाही. त्या अंगणात गप्प बसलेल्यांना विचारायची गरजच नव्हती. जुने फळीचे देव विसर्जून त्यांनीही हळूहळू नवे घेतले.

आजही दशमीला सुरंगपाटातले देव पाठमोरे होतात आणि प्रत्येकाच्या पाठीत एक फूल पडते. खोतांच्या घरीही ती भगवती आहे, रंग तेवढा दोन-तीनदा नवा झाला आहे. तेही तिला भिंतीकडे फिरवतात, घरातली मुलगी तिच्या पाठीला फूल लावते. पण धाकूची फळी अजून तशीच आहे, गुळगुळीत. फूल तिथे ठरत नाही, घसरून खाली पडते. मुलगी उचलून पुन्हा लावते, ते पुन्हा पडते. दिवा विझेपर्यंत हे चालते, आणि त्या घरातले कोणी तिला पुरे म्हणत नाही.