दांड्यावरची हासूबाय

खाडीवर पूल नव्हता आणि होड्यांना यंत्र नव्हतं. शिडाच्या आणि वल्ह्याच्या बळावर माणसं समुद्रात जात आणि परत येत. तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. नक्की किती, ते कोणालाच सांगता येत नाही. मला जिने सांगितली, तिलाही ती कोणीतरी सांगितलेलीच होती.

खाडीच्या मुखाशी, दक्षिणेच्या काठावर, तिवरबंदर नावाचं कोळ्यांचं गाव होतं. गावासमोर ओहोटीला चिखलाचं मोठं मैदान उघडं पडायचं. चिखल संपला की समुद्रात शिरलेला वाळूचा लांबच लांब दांडा होता. दांड्याला अगदी लागून खोल पाण्याची वाट होती आणि त्या वाटेनेच होड्या आत येत. वाटेच्या पलीकडे काळं खडप होतं, पाण्याखाली दडलेली खडकांची रांग. त्या खडपाने गावाच्या किती होड्या फोडल्या होत्या, ते बायकांना पाठ होतं.

या गावात हासूबाय राहत होती. लग्नाला तीन वर्षं झाली आणि तिचा नवरा समुद्रात गेला तो आलाच नाही. मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर जोमा तेवढा होता, तो तेव्हा लहान होता, त्याला तिने वाढवला. सकाळी दिराला पेज घालायची आणि काठावर जाऊन समुद्राकडे बघत बसायची. असं म्हणतात की, पहिल्या हिवाळ्यात तिने शंभर दिवस नुसती पाण्याकडे नजर लावली होती. मग एक दिवस तिला पाण्याकडे बघवेना. तिने नजर खाली केली, तर समोरचा सगळा चिखल पाखरांनी भरलेला होता.

पाखरं दरवर्षीच यायची. दसरा झाला की उत्तरेकडून यायची, शिमगा झाला की जायची. गावाने त्यांच्याकडे कधी धड बघितलं नव्हतं. हासूबाय बघू लागली. आणि जी बघू लागली ती चाळीस हिवाळे बघत राहिली.

ती चिखलातून शिवल्या आणि कालवं गोळा करून पोट भरायची. चिखलावरून सरकायची एक लाकडी फळी तिच्याकडे होती. एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे लोटायचा, अशी ती पाखरांमधून जायची आणि पाखरं उडायची नाहीत. लाल पायांचे शेकाटे गुडघाभर पाण्यात उभे राहतात, बारीक तुतारी पाण्याच्या कडेकडेने धावतात, कुरव पक्षी खोल पाण्यावर तरंगतात, हे तिने बघून बघून शिकून घेतलं. कोणाच्या पायाखाली किती पाणी, ते तिला लांबून कळायचं.

सगळ्यांत तिचा जीव कोरलींवर होता. कोरल म्हणजे कोंबडीएवढं भुरं पाखरू, लांब बाकदार चोचीचं. चोच अशी की कोणी विळा उलटा धरून तोंडाला लावलाय. भरती लागली की चिखल बुडतो, तशा सगळ्या कोरली उडून दांड्याच्या टोकाशी जमायच्या आणि ओरडायच्या. कूर्लीऽऽ, कूर्लीऽऽ. लांब, बारीक, काळीज ओढून घेणारा आवाज. हासूबाय तो आवाज हुबेहूब काढायची. असं म्हणतात की, तिने काठावरून हाक दिली की दांड्यावरची कोरल मान वळवून उत्तर द्यायची.

आणि तिनेच गावाला सांगितलं की, धुक्यात दिसत नसेल तर कान द्या. भरतीच्या वेळी कोरल ओरडते तिथे दांड्याचं टोक. तो आवाज उजव्या हाताला ठेवून या, खडप लागणार नाही. आधी होड्या हाकणारे तांडेल लोक हसले. मग एका पौषात दोन होड्या तशा आल्या, सुखरूप. तेव्हापासून कोणी हसलं नाही. हिवाळ्यात तिच्याजवळ काठावर गावची पोरंटोरं, म्हातारी माणसं येऊन बसायची. बडबड केली की ती ओठांवर बोट ठेवायची. एवढीच तिची शिकवण.

जोमा मोठा झाला, तांडेल झाला. त्याची बायको बुधी. तिला चार लेकरं झाली.

मग एक वाईट साल आलं. नारळी पौर्णिमेपासून जाळ्यात मासळी नाही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष लागला, तरी होड्या रिकाम्या येत होत्या. सुकवलेलं संपलं. पोरांचे चेहरे उतरले. तेव्हा गावातल्या माणसांनी बसून ठरवलं की, दांड्यावर बांबू रोवायचे, बारीक जाळी बांधायची आणि पाखरं धरायची. पाखरं तर हजारोंनी होती. ठरवणाऱ्यांत जोमा पुढे होता.

हासूबाय त्याच्या दारात गेली. ती कधी कोणाला काही मागत नसे, म्हणून तो उठून उभा राहिला.

ती म्हणाली, "जोमा, चिखलात हवं तिथे जाळं लाव. दांड्याच्या टोकाला लावू नको. तुमची घरची वाट त्या पाखरांच्या गळ्यात आहे."

जोमाने खाली मान घातली. "वहिनी, सगळी भरतीला तिथेच बसतात. दुसरीकडे लावून काय मिळणार? आणि पोरांच्या पोटात काय घालू, ते तू सांग."

आत चुलीपाशी चार पोरं बसली होती. ती त्यांच्याकडे बघून परत फिरली. त्या दिवसापासून ती दुप्पट वेळ चिखलात राहू लागली. जे मिळेल ते बुधीच्या दारात ठेवायची. पण गावाला घरं चाळीस होती आणि तिला हात दोनच.

दांड्यावर जाळी लागली. गावाने आठ दिवस पाखरं खाल्ली. त्यासाठी त्यांना वाईट म्हणू नका, ती भुकेली माणसं होती. नवव्या दिवशी जाळी रिकामी होती. दहाव्या दिवशी चिखलही रिकामा. शेकाटे गेले, तुतारी गेल्या आणि दांड्याच्या टोकाला एकही कोरल उरली नाही. हासूबाय काठावर बसून रिकाम्या चिखलाकडे बघत राही. असं म्हणतात की, त्या दिवसांत खाडी इतकी मुकी झाली की भरतीचं पाणी चढताना ऐकू यायचं.

पौष लागायच्या बेताला खोल समुद्रात मासळी असल्याची बातमी आली. गावातल्या सातही होड्या निघाल्या. प्रत्येक घरातला बाप्या त्यात होता. दोन दिवसांनी, अवसेच्या सकाळी, भरतीबरोबर ते परतायचे होते.

त्या सकाळी धुकं आलं. उन्हं वर आली तरी ते विरेना, उलट दाट होत गेलं. हातातल्या काठीचं टोक दिसत नव्हतं. बायका किनाऱ्यावर जमल्या. वारा पडलेला, म्हणजे शिडं मेलेली. अवसेचं उधाण असलं की मुखाशी पाण्याला अशी ओढ असते की नांगर धरत नाही. होड्या बाहेर थांबू शकणार नाहीत, हे सगळ्या जाणून होत्या. त्यांनी जाळ केले, पण धुक्यापलीकडे उजेड जाईना. मग कोणी थाळे बडवले, कोणी ढोल वाजवला.

हासूबाय धावत आली आणि तिने थाळा बडवणाऱ्या पहिल्या बाईचा हात धरला. तिने सगळ्यांना समजावलं की, हा आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून परत येतोय. समुद्रावरून ऐकणाऱ्याला गाव तिकडे वाटेल. आणि तिकडे तर खडप आहे.

थाळे थांबले. प्रत्येकीच्या मनात एकच होतं. दांड्यावर ओरडायला आता पाखरू नव्हतं.

हासूबायने लुगड्याचा काचा आवळला आणि फळी उचलली.

बुधी तिच्या मागे आली. "नको जाऊस गो. भरती लागली."

"म्हणूनच जाते," हासूबाय म्हणाली. "अजून चिखल लागतोय पायाला. घटकाभराने नाही लागायचा."

"आणि येशील कशी?"

हासूबायने फळी चिखलावर टाकली. गुडघा टेकवला. म्हणाली, "जोमाला सांग, उजव्या हाताला ठेव." आणि ती धुक्यात शिरली. थोडा वेळ चिखल लोटल्याचा आवाज येत होता. मग तोही नाही.

तिकडे समुद्रावर सात होड्या पाण्याच्या ओढीत सापडल्या होत्या. जोमाची होडी पुढे. बाप्यांनी वल्ही धरली होती, पण मारायची कुठे? एवढ्यात जोमाला ऐकू आलं.

कूर्लीऽऽ.

त्याने सगळ्यांना वल्ही थांबवायला सांगितली. पुन्हा तोच आवाज आला, डोंगरापर्यंत न जाणारा, एकाच जागेहून येणारा. जोमाने मागच्या होडीला हाक दिली, मागच्याने त्याच्या मागच्याला. आवाज उजव्या हाताला ठेवून पहिली होडी वाटेला लागली. खडपावर फुटणाऱ्या लाटा त्यांना डावीकडे ऐकू येत होत्या, पण लांबून. मग दुसरी होडी आली. मग तिसरी.

पाणी चढत होतं. किनाऱ्यावरच्या बायकांनाही आवाज ऐकू येत होता. असं म्हणतात की, आधी तो वाळूवरून आल्यासारखा होता आणि मग पाण्यावरून आल्यासारखा. पाचवी होडी आली तेव्हा आवाज घोगरा झाला होता. सहाव्या होडीला दोन हाकांमध्ये बराच वेळ कान लावून राहावं लागलं. सातवी होडी मागे राहिली होती. तिच्यावर दोन म्हातारे आणि एक नवखा तांडेल होता. त्यांच्यासाठी तो आवाज आणखी तीनदा आला. तिसऱ्या हाकेला सातवी होडी आत आली.

मग आवाज थांबला.

माणसं पाण्यात उड्या टाकून किनाऱ्यावर आली. होड्यांत मासळी होती, पोरं बापांना बिलगली होती. जोमा गर्दीतून वाट काढत बुधीपाशी आला. तो हसत होता.

"वहिनी कुठे आहे?" तो म्हणाला. "तिला सांग, कोरली परत आल्या."

बुधीने त्याच्याकडे बघितलं. तिने फक्त हात वर करून दांड्याकडे दाखवलं.

जोमा तिथेच खाली बसला. मग उठला आणि होडी लोटली. दुपारी धुकं वर गेलं, तेव्हा अवसेच्या उधाणाने दांडा पूर्ण बुडालेला होता. पाण्यावर जाळीच्या बांबूंची टोकं तेवढी दिसत होती. अगदी टोकाच्या बांबूला लुगड्याचा फाडलेला पदर बांधला होता, कमरेभोवती गुंडाळून मारतात तशी गाठ. भरतीने उचलून नेऊ नये, शेवटची होडी येईपर्यंत जागा सुटू नये, म्हणून तिने स्वतःला बांधून घेतलं होतं. गाठ तशीच होती. हासूबाय तिच्यात नव्हती. तीन दिवस त्यांनी खाडी शोधली. ती मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी ओहोटीला जोमा एकटा दांड्यावर गेला. त्याने एकेक बांबू हाताने उपटला. तळवे फाटले तरी थांबला नाही. शेवटचा, पदराचा बांबू त्याने तसाच ठेवला आणि त्याच्या पायाशी कपाळ टेकून पडून राहिला. असं म्हणतात की, त्याने मान वर केली तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पण ढगांनी नव्हे. उत्तरेकडून पाखरं येत होती. शेकाटे आले, तुतारी आल्या, आणि शेवटी कोरली, कोणी कधी बघितल्या नव्हत्या इतक्या. त्या बांबूभोवती उतरल्या. जोमा माणूस होता, जाळी लावणारा माणूस, तरी एकही उडाली नाही. आणि त्या दिवशी भरती चढेपर्यंत एकही ओरडली नाही.

जोमा पुढे पुष्कळ वर्षं जगला. तो चांगला तांडेल होता. पण दर हिवाळ्यात चार महिने तो होडीवर गेला नाही. काठावर, तिच्या जागी, गप्प बसून राहिला. कोणी विचारलं तर म्हणायचा, मी बघायला शिकतोय.

आता गाव मोठं झालं आहे. खाडीवर पूल आहे. कौलं गेली, स्लॅब आले. पण दांड्याच्या टोकाला कोणी जाळं लावत नाही, खायला काही नसलं तरी लावत नाही. मार्गशीर्षातल्या अवसेला तिवरबंदरची एकही होडी समुद्रात जात नाही. सकाळी सगळं गाव काठावर बसतं. पूजा नाही, नारळ नाही, ढोल-ताशा तर नाहीच. त्या दिवशी थाळासुद्धा वाजू देत नाहीत. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई दांड्यावरच्या कोरली मोजते आणि आकडा शेजारणीच्या कानात सांगते. तो कानोकान शेवटच्या माणसापर्यंत जातो. मग माणसं उठून घरी जातात. बाहेरगावाहून पाखरं बघायला दुर्बिणी घेऊन लोक येतात, त्यांनाही तिथे बसवून घेतात. बोलू मात्र देत नाहीत.

आणि हिवाळ्यात धुकं पडलं तर मुखाशी येणारी प्रत्येक होडी थांबते. वाट दाखवणारं यंत्र आता प्रत्येक होडीवर आहे, त्याच्या काचेवर सगळं दिसतं. तरी तांडेल इंजिन बंद करतो. खलाशी हातातलं काम सोडतात, कोणी खोकतसुद्धा नाही. पाणी फळ्यांवर चापट्या मारत राहतं. कितीही वेळ लागो, ते थांबतात. मग उजव्या हाताला, धुक्यात कुठेतरी, कोरल ओरडते.

तांडेल कपाळाला हात लावतो. "बाय बोलली," म्हणतो, आणि होडी आत घेतो.