साडेचार फुटांची बाज

एकदा एक गृहस्थ आपल्या बंगल्याच्या पायरीवर उभा राहून गुरूंच्या वहाणांकडे टक लावून पाहत होता. त्याला कारणही तसेच होते. गुरू म्हणजे एका मोठ्या उद्यानाचे निवृत्त अधीक्षक. वय चौऱ्याऐंशी, वृत्ती काटेकोर. हिरवळ मनास आली तरच ते वहाणा काढून तिच्यावर पाऊल ठेवीत. एरवी कडेकडेने फिरून परत येत. या गृहस्थाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली वीस गुंठ्यांची हिरवळ सात वर्षे जोपासली होती. तिचे एक पातेही परक्या हाताने कापले गेले नव्हते, आणि ही गोष्ट तो पाहुण्यांना चहाच्याही आधी सांगत असे. परंतु गुरूंच्या वहाणा सात वर्षांत एकदाही निघाल्या नव्हत्या.

"बकुळीभोवती गवत उभे आहे," त्या दिवशीही ते एवढेच म्हणाले.

बकुळ एका उंचवट्यावर होती. गवत कापण्याचे ढकलयंत्र त्या चढावर रेटताना गृहस्थाचा गुडघा आता साथ देत नसे. डॉक्टरांनी तर यंत्रामागे चालणेच बंद करण्यास बजावले होते. हिरवळ कंत्राटदाराच्या हाती सोपवायची, नाहीतर बसून चालवायचे यंत्र घ्यायचे. कंत्राटदाराच्या नुसत्या कल्पनेने त्याला जेवण गोड लागेना. म्हणून तो गुरूंना घेऊन दुकानात गेला.

"हे झीरो टर्न, साहेब. जागच्या जागी फिरतं. बघाच!" व्यापाऱ्याने दोन दांडे उलटसुलट ओढले, आणि दुकानापुढच्या गवतावर यंत्र भोवऱ्यासारखे गरगरले. "यात हे चौतीस इंची, लहान. पण तुमच्या बंगल्याला शोभेल ते हे, चोपन्न इंची! एका फेरीत साडेचार फूट साफ. अर्ध्या तासात तुम्ही चहाला मोकळे."

गृहस्थ मोठ्या यंत्रावर जाऊन बसला. त्याची पाठ आपोआप ताठ झाली. गुरू मात्र यंत्राकडे न पाहता, जिथे यंत्र गरगरले होते त्या गवताकडे पाहत होते.

"घ्यायचे ना, गुरुजी?"

"तुझ्या घरी साडेचार फूट रुंद बाज आहे का?"

व्यापारी गृहस्थाकडे पाहू लागला आणि गृहस्थ गुरूंकडे.

"आहे. पाहुण्यांच्या खोलीत."

"मग आधी घरी चल."

घरी आल्यावर गुरूंनी बाज बाहेर आणवली, उलटी करवली आणि तिच्या चारही कोपऱ्यांना दोर बांधावयास लावले. पुढचे दोन दोर गृहस्थाच्या हाती, मागचे त्याच्या पत्नीच्या. "जमिनीपासून चार बोटे उंच धरा," ते म्हणाले, "आणि जिथे जिथे गवत कापता, तिथून तिथून न्या."

शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "काय हो, बाजेला फिरायला नेताय वाटतं?"

गृहस्थाचे कान तापले, पण गुरूंची आज्ञा मोडण्याची छाती होईना. परसाच्या फाटकात बाज अडकली. दोन चिकूंच्या मधून जाताना तिने दोन्ही बुंध्यांची साल खरवडली. बकुळीच्या उंचवट्यावर तर तिची चौकट मधोमध टेकली आणि दोन्ही कडा अधांतरी राहिल्या.

"बाज जिथे घासली, तिथले गवत यंत्राखाली मुळासकट गेले असे समज," गुरू म्हणाले.

गृहस्थ घामाघूम झाला होता, तरी त्याच्या डोळ्यांपुढून ते यंत्र हलत नव्हते. "उंचवटा सपाट करून घेतो, गुरुजी. बकुळ काढावी लागेल, एवढंच."

पत्नीने हातातले दोर सोडून दिले. बाज धप्पकन खाली आली.

"एवढंच? अहो, बकुळ काढा, चिकू उपटा, फाटक पाडा! मग त्या यंत्राला आपलं अंगण तरी कशाला हवं? नेऊन सोडा की कुठल्यातरी माळावर!"

गुरूंनी घडीची अरुंद खाट मागवली, तीन फुटांच्या आतली. ती फाटकातून गेली, चिकूंना न शिवता गेली आणि उंचवट्यावर जराशी कलून बकुळीला वळसा घालून आली.

मग ते पायरीवर बसले. "दुकानात तुझी पाठ ताठ झालेली मी पाहिली. ताठ पाठ मला आवडते. परंतु सात वर्षे ती या हिरवळीने ताठ होत असे. आज ती एका आसनाने झाली, आणि दिवस मावळण्याआधी तू बकुळीवर कुऱ्हाड उगारलीस. व्यापारी यंत्र जाणतो, तुझी जमीन जाणत नाही. ती जाणणारा तू एकटा, आणि तूच तिला दुकानाच्या दारात विसरलास. साधन निवडताना अंगण सोबत न्यावे. ते उचलून नेता येत नाही, म्हणून बाज फिरवली."

गृहस्थाने मान खाली घातली. मग जाऊन त्याने चिकूंच्या खरवडलेल्या सालींना ओली माती लावली.

दुसऱ्या दिवशी गुरूंसह दुकानात जाऊन त्याने चौतीस इंची यंत्र मागितले, तेव्हा व्यापारी हसला. "एवढ्या बंगल्याला एवढंसं यंत्र?"

"माझ्या बकुळीला एवढंच लागतं," गृहस्थ म्हणाला, आणि हे म्हणताना त्याची पाठ ताठ होती.

निघताना गुरूंनी त्याला दुकानापुढचे गवत दाखवले. जिथे यंत्र गरगरले होते, तिथे उघड्या मातीचे टक्कल पडले होते. "जागच्या जागी फिरते म्हणून तसे फिरवायचे नाही. थोडे मागे घे, मग सावकाश वळव."

गृहस्थ दीड महिना तेवढेच शिकत राहिला.

मग एका रविवारी सकाळी गुरू आले. बकुळीभोवती हिरवळ बुंध्यापर्यंत एकसारखी होती. कुठे उभे गवत नाही, कुठे टक्कल नाही. गुरूंनी लांबूनच तिच्याकडे बराच वेळ पाहिले. नंतर ते पायरीवर बसले आणि वाकून वहाणेचा पट्टा सोडू लागले.

"अहो, पाहिलंत का?" पत्नी दारातून हळूच म्हणाली.

त्याने पाहिले होते. गुरू चार पावले पुढे गेल्यावर त्याने आपल्याही चपला काढल्या, त्या गुरूंच्या वहाणांशेजारी नीट लावल्या, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच तो स्वतःच्या हिरवळीवर अनवाणी उतरला.