रिकामं जातं

खूप जुनी गोष्ट, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. तिथल्या बंदिशाळेत एकच शिक्षा असे: दिवसभर रिकामं जातं ओढायचं. कैद्याच्या हातून पसाभर पीठसुद्धा निघता कामा नये, असा राजाचा हुकूम होता.

दगडावर दगड घासत राही. कैद्यांच्या पापण्या दगडाच्या भुकटीने पांढऱ्या होत. भिंतीवर कधी पाखरू बसत नसे.

आणि नवल बघा, सुटलेला प्रत्येक कैदी दोन महिन्यांत परत येई. त्याला कुणी धरून आणत नसे. तो आपणहून दारावर थाप मारी.

असाच एक म्हातारा चोर परतला.

"आता काय चोरलंस रे?" बंदिशाळेच्या नाईकाने विचारलं.

"काही नाही, नाईक. पण हात थांबत नाही." त्याचा उजवा हात खरोखरच हवेत गोल गोल फिरत होता. "मला कामावर कोण ठेवील?"

राजा नाईकावरच भडकला. "यापुढे सुटलेला एक जरी परतला, तर जात्यावर तू बसशील!"

त्या दुपारी बायको नाईकाला म्हणाली, "अहो, भाकरी मोडायची सोडून ताटात हात काय फिरवताय?"

नाईकाने खाली पाहिलं आणि त्याच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी त्याने हुकूम मोडला. म्हाताऱ्याच्या जात्यात मूठभर ज्वारी टाकली. आवाज बदलला, तसे सगळे कैदी थबकले. पण जाती झिजून गुळगुळीत झाली होती, पीठ भरड निघालं. म्हणून नाईकाने पाथरवट बोलावला. छिन्नी-हातोड्याने जात्याला टाकी कशी लावायची, म्हणजे दगड पुन्हा खरखरीत कसा करायचा, हे तो कैद्यांना शिकवू लागला. ज्याचा हात कामात बसला, त्याचा फिरायचा थांबला.

वर्षाने एक घरफोड्या सुटला. नाईक रोज दाराकडे कान लावून बसे. दोन महिन्यांनी थाप पडलीच. समोर तोच उभा!

"आलास ना परत? बुडवलंस मला!"

"जाती पुन्हा गुळगुळीत झाली असतील," खांद्यावरची पिशवी उतरवत घरफोड्या हसला. "टाकी लावायला आलोय, नाईक. मजुरी मात्र घेईन हं."

संध्याकाळी तो मजुरी घेऊन आपल्या घरी गेला. हे ऐकून राजाने रिकाम्या जात्याचा हुकूम फिरवला. त्या रात्री नाईकाने भाकरी मोडली, तेव्हा त्याचा हात स्थिर होता.

तात्पर्य: नुसती शिक्षा माणसाला पुन्हा बंदिशाळेत आणते, हातातलं कसब त्याला घरी नेतं.