वाफेच्या खोलीतले काळे स्क्रू

ही गोष्ट घडली तेव्हाचे शिवाप्पा मिस्त्री आता हयात नाहीत. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराला सिमेंट शीटचं छत बसवताना त्यांनी पेटी उघडली आणि पटकन आत शिरतात म्हणून काळे, सडपातळ स्क्रू निवडले.

पेटीतला जस्ताचा मुलामा दिलेला जाड स्क्रू त्यातल्या एकाला म्हणाला, “बाबा रे, तू कोरड्या खोलीतला. इथली वाफ तुला खाईल. अडून बस.”

काळ्याला ते लागलं. “जळतोस माझ्यावर!” असं म्हणत तो ऐटीत शीटमधून वरच्या लाकडी चौकटीत शिरला.

दुसऱ्या वर्षी त्याची मान गंजून काडीएवढी झाली. घाबरून तो शेजारच्या स्क्रूला म्हणाला, “मला हे ओझं पेलवत नाही. आपण कुरकुर करू, म्हणजे खालची माणसं वर बघतील.”

“गप रे,” शेजारी म्हणाला, “तू सुटलास तरी बाकीचे आहेतच की.”

बाकीचेही मनात हेच म्हणत होते. काळा गप्प राहिला.

एका दुपारी त्याची मान तुटली आणि पाठोपाठ सगळ्यांची. खाली स्वयंपाकीण द्रौपदाबाई भात ढवळत होत्या. शीट त्यांच्या डोक्यावर कोसळली. शाळेतल्या मुलींनी खूप हाका मारल्या, पण त्या उठल्या नाहीत. काळ्याचं अर्धं अंग वर लाकडातच रुतून होतं. तिथून त्याला सगळं ऐकू येत होतं.