पृच्छापायरीवरची नावाडीण

एका राज्यात राजाच्या सिंहासनाहून उंच अशी एक जागा होती. ती होती काळ्या दगडाची एक साधी पायरी, आणि तिचे नाव पृच्छापायरी. वर्षातून एकदा, सुगी आटोपली की, गावोगावचा एकेक माणूस त्या पायरीवर चढे आणि राजाच्या प्रधानाला प्रश्न विचारी. रस्ता का झाला नाही, विहीर कोणी बुजवली, खजिन्यातले सोने कोणत्या कामी लागले, जे मनात असेल ते विचारी. प्रश्न तीन. विचारणारा 'समाधान झाले' म्हणेपर्यंत प्रश्न जिवंत राही. प्रश्न जिवंत असेपर्यंत प्रधानाने बसायचे नाही आणि राजाने बोलायचे नाही, असा मूळपुरुषाचा कायदा होता. शेजारच्या राज्यांत पांढरे हत्ती होते, मोत्यांचे महाल होते. या राज्यात पायरी होती, आणि इथली माणसे परमुलखात गेली की छाती फुगवून तिच्याच गोष्टी सांगत.

पायरीशेजारी चंदनाच्या दांडीवर एक साळुंकी बसे. तिचे वय तीनशे वर्षे. सभेत बोललेला शब्दन् शब्द ती ध्यानात ठेवी आणि कोणी विचारले तर जसाच्या तसा म्हणून दाखवी. पण गेली अकरा वर्षे तिने चोच उघडली नव्हती. प्रधान म्हणे, "वय झालं बिचारीचं." तीनशे वर्षांत झाले नाही ते वय नेमके नवा प्रधान आला त्याच वर्षी कसे झाले, हे मात्र कोणी विचारले नाही.

या प्रधानाचे नाव मधुकंठ. प्रधानकीची वस्त्रे मिळाली त्याच आठवड्यात तो मिठाच्या डोंगरावर राहणाऱ्या कुहर नावाच्या मांत्रिकाकडे गेला होता. कुहराने त्याला एक काळा दोरा दिला आणि सांगितले, "हा गळ्यात बांध. मनात नसलेलं समाधान जो कोणी पायरीवर तोंडानं बोलेल, त्याच्या गावच्या वाट्याचं सगळं मणी होऊन या दोऱ्यात ओवलं जाईल. भय एकच आहे. तोच माणूस त्याच पायरीवर उभा राहून आपला शब्द परत घेईल, त्या क्षणी दोरा तुटेल."

मधुकंठ हसला. "आमची माणसं फार मानी आहेत. चारचौघांत दिलेला शब्द ती परत घेत नाहीत."

हे सारे तुम्हाआम्हाला ठाऊक. सोनकीला ते ठाऊक नव्हते.

सोनकी ही पैलथडी गावची नावाडीण. पैलथडी आणि उरलेले राज्य यांच्यामधून कजागी नावाची नदी वाहे, आणि नावाप्रमाणेच ती पावसाळ्यात कोणाचे ऐकून घेत नसे. गावाचे म्हणणे एवढेच होते की नदीवर पूल हवा. सोनकीचे वडील दाजीबा गावातर्फे सभेला जात. अकरा वर्षे त्यांनी पुलाचेच विचारले. अकरा वर्षे प्रधानाने गोड उत्तर दिले, अकरा वर्षे दाजीबा हात जोडून 'समाधान झाले' म्हणाले आणि मानाची शाल खांद्यावर टाकून होडीतून परत आले. दाजीबा खोटारडे नव्हते हो! पण एवढा मोठा माणूस आपल्यासाठी ताटकळत उभा आहे, सभेनंतरची पंगत आपल्यासाठी खोळंबली आहे, तरी आपण अडून बसायचे, हे त्यांना बरे दिसत नसे. त्या राज्यात कोणालाच ते बरे दिसत नसे.

अकरावी शाल घरात आली त्यानंतरच्या आषाढात सोनकीचा नवरा मल्हारी एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन होडी हाकत निघाला. ऐन मध्यावर कजागीने होडी उलटवली. दोघांपैकी कोणी परत आले नाही; काठी तेवढी तीराला लागली. दहाव्या दिवसाचे विधी उरकले आणि अकराव्या दिवशी सोनकीने मल्हारीची काठी हातात घेतली, कारण माणसांना पैलतीरी जायचेच होते. बापाला ती एका शब्दाने बोलली नाही. दाजीबांनी अकराही शाली पेटीत टाकल्या, आणि सुगीनंतर गाव जमले तेव्हा ते म्हणाले, "मला पाठवू नका. माझी जीभ भिडेची आहे. सोनकीला पाठवा."

सोनकी निघाली. काठी तिने बरोबर घेतली. दाजीबा शालींचे गाठोडे पाठीवर घेऊन मागून चालले.

सभेच्या दारात पहारेकऱ्याने तिला अडवले. "बाई, सभेत काठी चालत नाही."

"ही काठी नाही, माझा डोळा आहे," सोनकी म्हणाली. "गढूळ पाण्यात नावाड्याला दुसरा डोळा नसतो. तळाला काठी टेकल्याशिवाय मी कोणाला 'उतरा' म्हणत नाही." पहारेकऱ्याची बहीण पैलथडीला दिलेली होती. त्याने वाट सोडली.

सभा भरली. मध्ये राजा धवलसेन बसला होता. समोर मधुकंठ उभा होता, आणि त्याच्या गळ्यातली मण्यांची माळ आता गुडघ्यांपर्यंत लोंबत होती. एकेक गाव पायरीवर चढले, गोड उत्तर घेऊन उतरले. दर 'समाधान झाले' बरोबर माळेत एक मणी वाढे, पण गजर इतका मोठा होई की तिकडे कोणाचे लक्ष जात नसे. दुपार झाली. मुदपाकखान्यातून केशरी भाताचा वास येऊ लागला. शेवटचे गाव पैलथडी.

सोनकी पायरीवर चढली. आपण राजाहून उंच उभ्या आहोत हे तिच्या ध्यानात आले. तिने काठी घट्ट धरली.

"पहिला प्रश्न. आमच्या पुलासाठी खजिन्यातून सोनं निघालं का?"

"निघालं तर!" मधुकंठ म्हणाला, आणि त्याच्या तोंडून शब्दांबरोबर मोगऱ्याची फुले पडू लागली. "दर साल निघालं. पैलथडीसारखं गुणी गाव नाही, आणि सोनकीबाईंसारखी धीराची बाई नाही. आपलं दुःख आम्ही जाणतो." फुले तिच्या पायांशी घोट्यापर्यंत साचली. सोनकीच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या हळुवारपणे मल्हारीनंतर तिच्याशी कोणी बोलले नव्हते. शब्द ओठांवर आलाच होता. पण सवयीने तिने काठी खाली टेकवली. ती फुलांतून सरळ दगडावर आपटली. फुलांना ना वास होता, ना वजन.

"सोनं निघालं, एवढं कळलं," ती म्हणाली. "दुसरा प्रश्न. पूल कुठं आहे?"

सभेत कुजबुज झाली. दुसरा प्रश्न कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता.

मधुकंठाने माळेतला एक मणी फिरवला. सभेच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पांढराशुभ्र पूल उभा राहिला. त्यावरून बैलगाड्या जात होत्या, पोरे धावत होती, एक बाळंतीण डोलीतून चालली होती. "हा पाहा," प्रधान म्हणाला. सभा वाहवा करू लागली. मागून दाजीबांचा आवाज आला, "हाच. हाच मला दर साल दाखवला." कोणीतरी ओरडले, "आटपा बाई, भात निवतोय!"

सोनकी पुलाकडे पाहत राहिली. तो फार सुंदर होता. मग तिने काठी पुढे केली आणि पुलावर ठेवली. काठी पुलातून आरपार गेली, आणि गाड्या, पोरे, डोली सारे धुरासारखे विरले.

"काठी टेकली नाही, प्रधानजी. तिसरा प्रश्न. सोनं निघालं आणि पूल नाही. मग सोनं गेलं कुठं?"

आता मधुकंठाचा चेहरा उतरला. माळ जड होऊ लागली होती, आणि कायद्याप्रमाणे त्याला बसता येत नव्हते. पण तो कसलेला माणूस होता. त्याने फुलेही काढली नाहीत आणि मणीही फिरवला नाही. तो नुसता हसून म्हणाला, "बाई, आपले तीर्थरूप या पायरीवर अकरा वेळा 'समाधान झाले' म्हणाले. सगळ्या सभेने ऐकलं. आता आपण सांगा, आपले वडील खोटं बोलले काय?"

सोनकी पेचात पडली. हो म्हणावे तर चारचौघांत बापाची पगडी उतरते. नाही म्हणावे तर पूल गेला, आणि पुढच्या आषाढात आणखी कोणाची तरी होडी उलटते. तिने मागे वळून पाहिले नाही. तिला पाहवेना.

तेवढ्यात पायरीवर तिच्या शेजारी कोणाची तरी पावले वाजली. दाजीबा होते. गुडघे धरत धरत ते वर चढले होते. त्यांनी गाठोडे सोडले आणि अकराही शाली पायरीवर एकावर एक ठेवल्या.

"तिला कशाला विचारता?" दाजीबा म्हणाले. "मला विचारा. मी खोटं बोललो. अकरा वेळा बोललो. माझं समाधान कधीच झालं नव्हतं. तुम्ही उभे होता, पंगत थांबली होती, म्हणून बोललो. त्या भिडेपायी माझा जावई गेला. एका लेकुरवाळीचं घर बुडालं. मी माझा शब्द परत घेतो."

म्हाताऱ्याने एकही शब्द गिळला नाही. सोनकीला वाटले, इतका उंच आपला बाप आपण आजवर पाहिलाच नव्हता.

काळा दोरा तुटला. मणी सभाभर घरंगळले, आणि त्यांतले अकरा थेट दाजीबांच्या पायांशी येऊन थांबले. तिथे ते फुटले, आणि प्रत्येकातून घडीव दगडांची एकेक कमान बाहेर पडली. खांबांना खेटून दगड छतापर्यंत गेले. साळुंकीने पंख झाडले आणि तीनशे वर्षांच्या आवाजात म्हणाली, "पैलथडी. अकरा वर्षे. समाधान झालेले नाही."

मग काय झाले म्हणता? पहिल्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ उठला आणि मान खाली घालून पायरीवर चढला. "आमच्या विहिरीचंही समाधान झालं नव्हतं." त्याच्या मण्यातून रहाट निघाला. त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. कोणाच्या मण्यातून शाळेची कौले निघाली, कोणाच्या मण्यातून चुन्याची भट्टी, कोणाच्या मण्यातून अख्खा घाट. केशरी भाताचा खडा झाला, पण त्या दिवशी भाताचे नाव कोणी काढले नाही. शेवटचा माणूस उतरला तेव्हा सभेत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सगळी माणसे एकमेकांकडे अशी पाहत होती की जणू लढाई जिंकून आली आहेत.

मधुकंठाच्या आवाजातला मध गेला. तो काही बोलायला गेला तर फुटकी परात वाजावी तसा आवाज आला. राजा धवलसेन सिंहासनावरून उठला. त्याने बोलायला तोंड उघडले.

"महाराज," साळुंकी म्हणाली, "प्रश्न जिवंत आहे."

राजाने तोंडावर हात ठेवला आणि सोनकीकडे पाहिले. सगळी सभा तिच्याकडे पाहू लागली. ती आता तरी म्हणेल, असे सर्वांना वाटले.

"दगड दिसले," सोनकी म्हणाली. "पूल दिसला नाही. काठी टेकल्यावर सांगीन."

कायदा तो कायदा. राजा बोलेना आणि प्रधान बसेना. दुसऱ्या दिवशी राजाने खुणेनेच गाड्या जोडायला लावल्या आणि सारा दरबार कजागीच्या काठी येऊन राहिला. प्रधानाला तसेही उभेच राहायचे होते, म्हणून त्याच्या डोक्यावर घमेले दिले. राजाने स्वतः चुना कालवला. पाच महिने राजा एक अक्षर बोलला नाही, आणि सांगायला हरकत नाही, राज्याचे काही अडले नाही.

ज्येष्ठ लागायच्या आधी अकरावी कमान चढली. दोन्ही तीरांवर माणूस मावेना. सोनकी अनवाणी पुलावर आली. अलीकडच्या टोकाला तिने काठी टेकवली. टक् असा आवाज आला. ती पलीकडच्या टोकाला गेली. टक्. मग ती परत फिरली आणि मधल्या कमानीवर येऊन थांबली. खाली पाणी भोवरा घेत होते. मल्हारी गेला ती जागा हीच. तिथे तिने काठी उचलली, आणि बराच वेळ ती उचललेलीच राहिली. कोणी घाई केली नाही. भात निवतोय, असेही कोणी म्हणाले नाही.

टक्.

"समाधान झाले," सोनकी म्हणाली.

प्रधान होता तिथेच मटकन बसला. साळुंकीने ते चार वेळा म्हणून दाखवले, आणि दोन्ही तीरांवर असा गजर झाला की कजागीचा आवाज ऐकू येईना. पाच महिन्यांनी राजाने तोंड उघडले. तो म्हणाला, "दाजीबा कुठं आहेत?"

दाजीबा पुलाच्या टोकाशी उभे होते. राजाने नवी शाल पुढे केली. म्हाताऱ्याने हात मागे घेतले. "नको महाराज. शालींनी माझं फार नुकसान केलंय."

सोनकीने राजाच्या हातातून शाल घेतली, उलगडली आणि बापाच्या खांद्यांवर नीट बसवली. "घ्या आबा," ती म्हणाली. "ही तुमची आहे." मग तिने काठी बगलेत धरली, बापाचा हात धरला, आणि दोघे चालत, कोरड्या पायांनी, पैलथडीला घरी गेले.

ती पायरी अजून आहे आणि साळुंकी जागी आहे. त्या राज्यात सभेला जाणारा प्रत्येक माणूस आता घरून जेवून निघतो.