डिंकाचे ठिपके

डोंगरउतारावरच्या एका रानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत एक रानकोंबडा राहत असे. त्याच्या मानेवरची पिसे सगळ्या रानात नावाजलेली होती. प्रत्येक पिसाच्या टोकाशी एक पिवळा, मेणासारखा टणक ठिपका असे आणि पाण्यावर तो डोळ्यासारखा चमके. पीस इतके ताठ, की पाण्यावर टाकले तरी भिजून बसत नसे. पावसाळ्याच्या तोंडाशी ही पिसे आपोआप गळत आणि हिवाळ्यात नवी येत. मधले काही महिने कोंबड्याची मान आखूड काळ्या पिसांची, अगदी साधी दिसे. गळलेली पिसे तो पानात गुंडाळून ठेवी आणि जपून विकी. मानेवरचे पीस उपटून विकायचे नाही, अशी त्याच्या घराण्याची शिस्त होती. कोवळ्या पिसाचा ठिपका फुटतो आणि फुटक्या ठिपक्याला मासा फसत नाही.

या पिसांचे जुने गिऱ्हाईक म्हणजे ओढ्यावरचा म्हातारा बगळा. एका वादळात त्याचा पंख दुखावला होता. माशांच्या मागे धावणे त्याला जमत नसे. म्हणून तो गवताच्या काडीभोवती कोंबड्याचे पीस वेलीच्या तंतूने गुंडाळी आणि त्याची खोटी माशी बनवी. ती डोहावर सोडायची, दगडासारखे उभे राहायचे, आणि मासा वर आला की चोच मारायची. असे धरलेल्या माशांवरच त्याने आपले पिल्लू एकट्याने वाढवत आणले होते. एका पिसाला तो पानभर अळ्या देई; त्या पाण्यात टाकल्या की तळाशी बुडत, म्हणून मासे वर आणायला त्याला उपयोगी नव्हत्या. अळ्या चिखलातून वेचायला त्याला सकाळ पुरत नसे, पण त्याने भावात कधी घासाघीस केली नाही.

एका वर्षी पावसाळ्याच्या आरंभी कोंबड्याकडे ऊद आला. ऊद म्हणजे पाणमांजर. पाण्यात बुडी मारली की तोंडात मासा घेऊनच वर येणारा प्राणी.

"कोंबडेराव, यंदाची सगळी पिसं मला द्या," ऊद म्हणाला. "एका पिसाला तीन पानं झिंगे."

"तुम्हाला कशाला हवीत?" कोंबड्याने विचारले. "तुम्ही तर नुसत्या दातांनी मासे धरता."

"गरज कुणाला आहे? पण खोटी माशी बांधणं म्हणजे खानदानी काम, असं सगळे म्हणतात. आपल्याही घरी चार पिसं असावीत."

मुलांनो, कोंबडा उपाशी नव्हता. त्याच्या जाळीभोवती वाळवीची वारुळे होती आणि कणग्या भराव्यात इतके गवताचे बी होते. तरीही त्याने सगळी पिसे उदाला दिली. बगळ्यासाठी एकही ठेवले नाही.

मग बगळा येणार त्या दिवशी त्याने काय केले, ते ऐका. त्याने कोंबडीच्या पाठीची मऊ, तपकिरी पिसे गोळा केली. धावड्याच्या झाडाचा डिंक चोचीने उकरून आणला आणि प्रत्येक पिसाच्या टोकावर त्याचा एकेक थेंब लावून वाळवला. वाळल्यावर तो थेंब अगदी पिवळा आणि चकचकीत दिसू लागला.

कोंबडी हे पाहत होती. ती म्हणाली, "अहो, ही तर माझी पिसं. बगळेभावोजींना देताय?"

"त्याला काय कळतंय? म्हातारा बघतसुद्धा नाही, नुसतं काखोटीला मारून जातो."

"बघत नाहीत म्हणूनच विचारलं," कोंबडी म्हणाली आणि पिलांकडे निघून गेली.

बगळा आला. त्याने अळ्यांनी भरलेली पाने खाली ठेवली. "कोंबडेदादा, ऐकलं की तुमच्या पिसांचा भाव वाढलाय. ऊद तीन पानं देतो म्हणे."

"वाढलाय खरा," कोंबडा म्हणाला. "पण जुन्या माणसाला जुनाच भाव."

बगळ्याचे डोळे भरून आले. "तुमच्यासारखे तुम्हीच," असे म्हणून तो पिसे घेऊन गेला. कोंबडा त्या अळ्या चवीने खात बसला. खोटी माशी माशाला फसवण्यासाठी असते, हे साऱ्या रानाला ठाऊक आहे. खोटे पीस मित्राला फसवण्यासाठी असते, हे त्या दिवसापर्यंत कोणाला ठाऊक नव्हते.

काही दिवसांनी कोंबडा पाणी प्यायला ओढ्यावर गेला. पलीकडे बगळा डोहाशी उभा होता. त्याने माशी पाण्यावर सोडली. डिंकाचा ठिपका विरघळला, पाण्यावर पिवळट तवंग आला, पीस चिंधीसारखे लोळागोळा होऊन बुडाले आणि वर येणारा मासा शेपटी हलवून खाली गेला. बगळ्याने दुसरी माशी सोडली. तीही बुडाली. काठावरच्या पिल्लाच्या छातीचे हाड दिसत होते.

"बाबा, पीस खराब असेल," पिल्लू म्हणाले.

"भलतंच काय बोलतोस!" बगळा पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "कोंबडेदादाचं पीस आहे ते. पिसात खोट नाही रे. माझीच चोच थरथरते. तंतू नीट बांधला जात नाही, माशी तिरकी पडते. म्हातारा झालो मी. उद्या आपण खालच्या नदीवर जाऊ. तिथं पाणी उथळ आहे, माझ्यासारख्यालाही काही मिळेल."

खालच्या नदीची वाट उघड्या माळावरून जात होती आणि त्या माळावर गरुड घिरट्या घालत असे. पिल्लाला अजून उडता येत नव्हते. त्याला ती सगळी वाट पायी चालावी लागणार होती.

कोंबड्याने पाण्यातली चोच वर काढून हे सगळे ऐकले. बगळ्याने शिव्या दिल्या असत्या, तर त्याने त्या ऐकून घेतल्या असत्या, उलट चार सुनावल्याही असत्या. पण हा म्हातारा स्वतःच्या चोचीला दोष देत होता. कोंबडा तसाच उदाच्या बिळाकडे पळाला.

उदाने पिसे बिळाच्या ओल्या मातीच्या भिंतीत रांगेने खोचून ठेवली होती. एकाही पिसाला अजून तंतू लागला नव्हता.

"यातली थोडी परत द्या," कोंबडा म्हणाला. "तुमचे झिंगे फेडतो. अडचण आहे."

"विकलेला माल परत?" ऊद हसला. "कोंबडेराव, अहो दुकान मांडलंय की भातुकली? आणि किती शोभा आलीय बघा भिंतीला!"

"तुम्ही ती वापरतही नाही!"

"वापरली की खराब होतात ना."

कोंबडा रागाने लालबुंद झाला. तोंडावर आलेली शिवी मात्र त्याने गिळली. ऊद नटवा होता, हावरट होता, पण त्याने कोणाला फसवले नव्हते. फसवणारा दुसराच होता आणि तो उदाच्या दारात उभा होता. त्याच्या मानेवर त्या वेळी आखूड काळी पिसेच होती. द्यायला त्याच्याकडे काहीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडा ओढ्यावर पोहोचला तेव्हा बगळा आणि पिल्लू निघालेच होते.

"या, कोंबडेदादा! बरं झालं भेट झाली," बगळा म्हणाला. "तुमची पिसं मी वाया घालवली. रागावू नका."

कोंबडा चाचरला. "यंदा... यंदा पाणी फार गढूळ आहे. त्यामुळे होतं असं."

"तेच असेल," बगळा लगेच म्हणाला. "तुम्ही किती समजून घेता!"

सुटण्याची वाट मिळाली होती. बगळ्यानेच ती उघडून दिली होती. पिल्लू आपल्या काटकुळ्या पायांनी माळाच्या दिशेला चालू लागले, तसा कोंबडा धावत जाऊन त्याच्या आडवा उभा राहिला.

"जाऊ नका," तो म्हणाला. "पाणी गढूळ नाही. ती पिसं माझ्या मानेची नव्हती, कोंबडीच्या पाठीची होती. ठिपके डिंकाचे होते. मी लावले होते. माझी सगळी पिसं मी उदाला विकली."

मग पिल्लू म्हणाले, "बाबा, म्हणजे तुमची चोच थरथरत नाही?"

बगळ्याने आपली चोच पाण्यावर धरली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिले. चोच स्थिर होती.

"नाही रे, बाळा," तो म्हणाला. "थरथरत नाही."

कोंबडा काठावरच्या वारुळाकडे गेला आणि नखे सोलून निघेपर्यंत त्याने ते उकरले. वाळवी पानावर भरून आणली आणि डोहावर पसरली. खऱ्या किड्यांसाठी मासे वर आले. बगळ्याची चोच एकदाही चुकली नाही आणि पिल्लू पोटभर जेवले. पुढे पिल्लाला पंख फुटेपर्यंत कोंबडा रोज वाळवी आणून देत असे. बगळा म्हणे, "ठेवा तिथं." त्याहून एक शब्द जास्त नाही.

हिवाळ्यात कोंबड्याला नवी पिसे आली आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी ती गळली. त्यातली सर्वांत चांगली निवडून तो बगळ्याकडे घेऊन गेला. ती खरोखर उत्तम होती. बगळ्याने पहिले पीस उचलले, ओढ्यात बुडवले, बाहेर काढले, उन्हात धरून ठिपका निरखला आणि बाजूला ठेवले. मग दुसरे उचलले. कोंबडा समोर मान खाली घालून उभा होता. पिसे पुष्कळ होती, आणि बगळा प्रत्येक पीस बुडवून पाहत होता.

तात्पर्य : जो आपल्यावर पूर्ण विश्वास ठेवतो तो आपला माल तपासत नाही, म्हणून त्याला फसवणे सर्वांत सोपे असते आणि सर्वांत लाजिरवाणेही. चूक कबूल केली तर त्याचे नुकसान थांबवता येते, पण त्याने पुन्हा न तपासता घ्यावे, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.